मद्रासच्या बाईसाहेब

श्रोतेहो, नमस्कार.

आज माझ्यापुढे एक रेकॉर्ड आहे, 'पॅसिफिक ब्रीझ'. दोन एलपींचा संच. २०१९ साली अमेरिकेत निघाला, पण आतली गाणी सगळी जपानची, १९७६ ते १९८६ या काळातली. वर हिरोशी नागाई यांचं चित्र, निळं आकाश आणि निळं पाणी. असा संच पहिल्या बाजूपासून ओळीनं ऐकावा. निवडणाऱ्यानं क्रम लावताना रात्री जागवलेल्या असतात. मधलंच गाणं उचलून ऐकणं मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

यात हारुओमी होसोनो यांचं 'स्पोर्ट्स मेन' आहे. नाव लक्षात ठेवा, होसोनो. त्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

साल १९७८. होसोनो भारतात आले. सोबत चित्रकार तादानोरी योकोओ. आले आणि आजारी पडले. पोट असं बिघडलं की आता आपण जगत नाही, असं त्यांना वाटलं. परका मुलूख, परकी भाषा, अंगात त्राण नाही. तेव्हा मद्रासमध्ये जपानच्या महावाणिज्यदूतांच्या पत्नी त्यांच्या मदतीला आल्या. त्यांनी काळजी घेतली आणि होसोनो उठून बसले. परगावी आजारी पडलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणी 'कसं वाटतंय?' एवढं विचारलं तरी अर्धं दुखणं उतरतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. (याच होसोनोंचे आजोबा टायटॅनिकवरून वाचलेले एकमेव जपानी प्रवासी. घराण्याचं नशीबच चिवट!)

मायदेशी परतल्यावर होसोनोंनी रेकॉर्ड केली, 'कोचीन मून'. भारताच्या प्रवासावरची रेकॉर्ड म्हटल्यावर तुम्ही सतार शोधाल. इथे सिंथेसायझर आहेत, यंत्रांची गुणगुण आहे. अख्खी पहिली बाजू 'मलबार हॉटेल'ची. तळमजला, वरचा मजला, मग गच्ची. बाजू पालटली की पहिल्याच रचनेचं नाव 'हेपटायटिस'! त्यानंतर 'हम घर सजन'. आणि शेवटी, अगदी शेवटी, 'मॅडम कॉन्सल जनरल ऑफ मद्रास'. आजारपणापासून शुश्रूषेपर्यंत सगळं त्या एका बाजूवर आहे. त्या बाईंचे उपकार त्यांनी असे सुरांत नोंदवून ठेवले.

त्याच वर्षी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि र्‍युइची साकामोतो यांनी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला. जपानी टेक्नो-पॉप, म्हणजे यंत्रांवर रचलेलं पॉप संगीत, घरोघर पोचलं ते या तिघांमुळे. त्यांच्याकडे रोलँड कंपनीचं एमसी-८ नावाचं, सिंथेसायझरकडून आपोआप सूर वाजवून घेणारं यंत्र होतं. त्याला आकडे द्यावे लागत. सूर कोणता, किती लांब, सगळं आकड्यांत. हिदेकी मात्सुताके बसून ते आकडे भरत. एकेक सूर, एकेक आकडा. यंत्राच्या गाण्यात जीव नसतो असं म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. एवढी बोटं झिजल्यावर त्यात जीव येणार नाही तर काय?

ताकाहाशी आणि साकामोतो २०२३ साली गेले, दोघेही तीन महिन्यांच्या आत. ताकाहाशींचं 'ड्रिप ड्राय आइज' याच संचात आहे, तेही लावणार आहे. पण आधी होसोनो. सुई ठेवतोय. ऐका, 'स्पोर्ट्स मेन'.