बेटांवरची पोरं आणि एक दार

[पडद्यावर फक्त आकडा : ३१–०]

११ एप्रिल २००१. ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाने पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या अमेरिकन सामोआवर एकतीस गोल चढवले. त्यातले तेरा एकट्या आर्ची थॉम्पसनचे.

हा आकडा जगभर हसण्याचा विषय झाला. समोर कोण उभं होतं, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. पासपोर्टच्या अटीमुळे नेहमीच्या संघातला गोलरक्षक निकी सालापू तेवढा खेळू शकला. वीस वर्षांखालची मुलं घ्यावीत, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा आल्या होत्या. मग जे हाताशी होते, ते मैदानात उतरले. त्यात पंधरा-पंधरा वर्षांची पोरंही होती.

या बेटांच्या फुटबॉलची गोष्ट म्हणूनच मुलांपासून सांगायला हवी.

[नकाशा : पॅसिफिक महासागर]

ओशनियाच्या, म्हणजे न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधल्या बेटांच्या, फुटबॉल महासंघात अकरा सदस्य आहेत. पापुआ न्यू गिनीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, टोंगाची लाखभर, तर कुक बेटांवरची सगळी माणसं आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील. शेजारच्या बेटावर सामना खेळायचा तरी विमानाने समुद्र ओलांडावा लागतो, आणि पुष्कळदा ऑकलंड किंवा ब्रिस्बेनमार्गे वळसा घालून.

अशा ठिकाणी एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला परदेशी संघाशी खेळायला मिळतं ते मुख्यतः ओशनियाच्या कुमार स्पर्धेत. ती साधारण दोन वर्षांनी एकदा व्हायची. ज्याचं वय त्या वर्षी बसलं नाही, त्याची पाळी गेली. आणि बसलं, तरी विश्वचषकाचं तिकीट एकच. २००६मध्ये ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात गेला, पण न्यूझीलंड होताच, आणि १७ वर्षांखालच्या गटात ते तिकीट त्याच्याकडेच जायचं.

२०१५मध्ये २० वर्षांखालच्या विश्वचषकाचं यजमानपद न्यूझीलंडकडे आलं. यजमानाला थेट प्रवेश असतो. त्यामुळे ओशनियाची जागा रिकामी झाली आणि ती फिजीने पटकावली. पहिल्याच सामन्यात जर्मनीने आठ गोल केले. दुसऱ्या सामन्यात फिजीने होंडुरासला ३–० असं हरवलं. एकाच संघाचे, एकाच आठवड्यातले हे दोन निकाल लक्षात ठेवा.

त्यानंतर ओशनियाला दोन जागा मिळू लागल्या. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. कुठल्याही शिबिराने किंवा देणगीने जे साधलं नसतं, ते त्या एका जादा जागेने साधलं.

[दृश्य : पोर्ट व्हिला, वानुआतू]

मार्च २०१५मध्ये पाम चक्रीवादळाने वानुआतूला झोडपून काढलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच देशाने २० वर्षांखालची स्पर्धा भरवली आणि त्याच्या पोरांनी विश्वचषक गाठला. २०१७, दक्षिण कोरिया. मेक्सिकोकडून २–३ ने हार. जर्मनीकडूनही २–३ ने हार, आणि त्यातले दोन्ही गोल बॉन्ग कालोचे. जेमतेम तीन लाख वस्तीच्या देशाने जर्मनीला शेवटपर्यंत झुंजवलं.

[दृश्य : गुवाहाटी, ऑक्टोबर २०१७]

त्याच वर्षी १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात होता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ज्यांनी पहिल्या दिवशी न्यूझीलंड आणि तुर्कस्तानची १–१ बरोबरी पाहिली असेल, त्यांनी ओशनियाचा विजेता पाहिला. उपविजेता होता न्यू कॅलेडोनिया, आणि त्याचे सामने पूर्वेला होते.

न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश. १९९८चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला क्रिस्तियाँ कारेंब्यू इथल्याच लिफू बेटावर जन्मला. २००४पासून फिफामध्ये या बेटांचा स्वतंत्र संघ आहे. मुलांच्या खिशात पासपोर्ट मात्र फ्रान्सचाच. आणि पहिल्या विश्वचषकातला पहिला सामना कुणाशी? फ्रान्सशी. निकाल १–७. त्या सामन्यात कनाक, म्हणजे या बेटांच्या मूळ रहिवासी, पोरांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. पुढे होंडुरासनेही पाच गोल मारले.

मग १४ ऑक्टोबर, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. समोर जपान. जपानने सुरुवातीलाच गोल केला. वाटलं, आता पुन्हा तेच. पण यावेळी बचावफळी फुटली नाही. मध्यंतर झालं, तासभर झाला, तरी एकच गोल. जपानचे हल्ले येत राहिले, पोरं अंगावर घेत राहिली. आणि ८३व्या मिनिटाला जेकोब जेनोने चेंडू जाळ्यात धाडला. १–१. न्यू कॅलेडोनियाचा विश्वचषकातला पहिला गुण भारतात नोंदला गेला, आणि आपल्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

[दृश्य : होनियारा, सॉलोमन बेटं]

२०१९मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा २०१८मध्ये होनियारात झाली. तिथल्या लॉसन तामा मैदानाची एक बाजू म्हणजे अख्खी टेकडी, आणि प्रेक्षक तिच्या उतारावर बसतात. अंतिम सामन्यात यजमान पोरांनी न्यूझीलंडला गोल करू दिला नाही. पेनल्टीवर ते हरले, पण ब्राझीलचं तिकीट मिळालं. ब्राझीलमध्ये तिन्ही सामने मोठ्या फरकाने गेले.

का जातात? गुणवत्ता कमी म्हणून नाही. वर्षाकाठी खेळायला मिळणारे सामनेच कमी. युरोपातला सोळा वर्षांचा मुलगा दर आठवड्याला तुल्यबळ संघाशी खेळतो. बेटावरच्या मुलाला तसे सामने दोन वर्षांत बोटावर मोजण्याइतके. तो एक सामना जीव तोडून खेळू शकतो. तीन दिवसांनी दुसरा, मग तिसरा, तेव्हा पाय आणि राखीव खेळाडू दोन्ही अपुरे पडतात.

[दृश्य : कतार, नोव्हेंबर २०२५]

आता १७ वर्षांखालचा विश्वचषक ४८ संघांचा झाला आहे आणि दरवर्षी होणार आहे. ओशनियाच्या जागा तीन. २०२५मध्ये न्यूझीलंडबरोबर फिजी आणि न्यू कॅलेडोनिया गेले. न्यू कॅलेडोनिया पोर्तुगालकडून १–६ असा हरला. मग पुन्हा जपान समोर आला, आणि यावेळी जपानला एकही गोल करता आला नाही. ०–०. पुढच्या सामन्यात मोरोक्कोने या स्पर्धेतला विक्रमी निकाल नोंदवला, १६–०. जगाच्या बातम्यांत सोळाचा आकडा गाजला. जपानला रोखणारीही हीच पोरं होती, आणि यापुढे त्यांच्या धाकट्या भावांना संधीसाठी दोन वर्षं थांबावं लागणार नाही.