चाळीस फेऱ्या

(दृश्य : नाशिकमधल्या एका रुग्णालयाचा लांब व्हरांडा. फरशीवर 9 मीटर अंतरावर दोन केशरी कोन.)

नाना निफाडकडचे. वय 64, घरची द्राक्षबाग. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात लिंबाएवढी गाठ. बायोप्सी झाली, पेट स्कॅन झाला. गाठ अजून पसरलेली नाही, म्हणजे काढता येईल.

पण गाठ काढता येते म्हणजे नानांना ऑपरेशन झेपतंच, असं नाही. गाठीबरोबर तो अख्खा खंड जातो, आणि गेलेलं फुप्फुस काही परत उगवत नाही. पुढचं आयुष्य उरलेल्यावर काढायचं. ते पुरेल का?

‘‘मला काय धाड भरलीय? परवा पांडवलेणी चढलो की!’’ नाना म्हणतात. मुलगा हळूच सांगतो, त्या ‘परवा’ला पाच वर्षं झाली.

म्हणून आधी पीएफटी, म्हणजे फुप्फुसं किती काम करतात ते मोजणारी चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि टेक्निशियनचा गजर : ‘‘फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका!’’ पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भरली 1.6 लिटर. नानांच्या वयाला आणि उंचीला 2.6 अपेक्षित होती. बिडीनं तिचा वाटा आधीच उचललेला. फुप्फुसातून रक्तात वायू कितपत झिरपतो, तेही वेगळं मोजतात.

मग कागदावरचा हिशेब. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 भाग धरतात. उजव्या वरच्या खंडात त्यातले 3. उरले 16, म्हणजे साधारण 1.35 लिटर, अपेक्षित आकड्याच्या 52 टक्के. अख्खं उजवं फुप्फुस काढावं लागलं, तर 10 भाग जातील आणि हाच आकडा 30च्या खाली येईल. हवेचं आणि वायू झिरपण्याचं, ऑपरेशननंतरची दोन्ही मापं 60 टक्क्यांच्या वर असती, तर फार विचार करावा लागला नसता. 30 ते 60च्या मधल्यांना चालवून बघतात.

(दृश्य : टेपवर ‘बीप’.)

कोनाला वळसा घालून एक फेरी 10 मीटरची. पुढची बीप वाजायच्या आत समोरचा कोन गाठायचा. पहिल्या मिनिटात जेमतेम 3 फेऱ्या. गोदाघाटावर फिरायला आल्यासारखे नाना मागे हात बांधून चालतात. पण दर मिनिटाला बीप घाई करते. चौथ्या मिनिटाला हात सुटतात. सहाव्याला बोलणं बंद. बाकावरून काकू ओरडतात, ‘‘अहो, चला, चला!’’ टेक्निशियन हातानंच गप्प करते. या चाचणीत हुरूप द्यायची मनाई आहे. नाहीतर माणूस जिद्दीनं चालतो आणि आकडा फसवा येतो.

400 मीटरच्या पुढे गेलं, तर जोखीम कमी समजतात. त्याच्या आत थांबलं, तरी दार बंद होत नाही. मास्क लावून सायकल चालवायला लावतात, शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते थेट मोजतात. नुसत्या वयावरून तर कोणाला नाही म्हणतच नाहीत.

सातव्या मिनिटाला नानांचा शर्ट पाठीला चिकटलाय. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन 91 टक्के. टेक्निशियन कागदावर काट्या मारतेय. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.

बेचाळिसाव्याला कोन दोन पावलांवर राहतो आणि बीप वाजते. नाना भिंतीला टेकतात. धाप जरा खाली बसल्यावर पहिला प्रश्न :

‘‘ही धरली का, पोरी?’’

‘‘नाही, बाबा. एकेचाळीस.’’

(दृश्य : काकू पदरानं नानांची पाठ पुसतात.)