पोत्यातला खालचा कांदा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'ऑनलाइन लिलावात सायकलचे पार्ट घेण्यातले धोके', आणि वेळ दिलीय 35 मिनिटं. त्यातली 8 माझ्या परिचयात गेली. परिचयात मला 'सायकलतज्ज्ञ' म्हणाले. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर पोरांच्या हातात कानस देणारा माणूस. तज्ज्ञ असतो तर आज जी गोष्ट सांगणार आहे, ती घडलीच नसती.

आपण सोलापूरकर. आपल्याला लिलाव कुणी शिकवायचा? मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रोडवर गाड्यांची रांग लागते, हे तुम्ही बघता. तिथे व्यापारी काय करतो? पोतं फोडायला लावतो. वरचे कांदे सगळे नवरदेवासारखे नटून बसलेले. तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कोपरापर्यंत हात आत घालून तळातला कांदा काढतो, दाबतो, वास घेतो, आणि मग तोंड उघडतो. गड्ड्याच्या जत्रेत जनावरांच्या बाजारातही तेच. सौदा रुमालाखाली, बोटं धरून; पण त्याआधी बैलाचा जबडा उघडून दात बघितलेले असतात. दोनदाती, चारदाती की जुळलेला. म्हणजे किंमत झाकलेली आणि माल उघडा. ऑनलाइन लिलावात नेमकं उलटं झालंय. किंमत साऱ्या जगाला दिसते, माल झाकलेला. माझं म्हणणं एवढंच आहे. ते सुचायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे जरा कौतुकाने ऐका.

या धंद्याचा मूळपुरुषच बघा. 1995 साली अमेरिकेत पिअर ओमिडयार यांनी जी लिलावाची साइट काढली, जिचं पुढे ईबे झालं, तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. 14.83 डॉलरना गेला! आपल्याकडे 'बाझी' नावाची साइट होती, ती 2004 मध्ये ईबेने घेतली आणि 2018 मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. 'बाझी' हे नाव मात्र प्रामाणिक होतं. पत्ते वाटलेत, हे आधीच सांगितलेलं.

तर आता गोष्ट. आमच्या वडिलांची रॅले होती, इंग्लिश सायकल. जुन्या मिलच्या भोंग्याबरोबर घराबाहेर पडणारी. मागच्या चाकाच्या मध्यभागी, स्पोक जिथून निघतात तिथे, स्टर्मी-आर्चर कंपनीचं तीन गिअरचं हब, एडब्ल्यू मॉडेल. मधला गिअर सरळ, खालचा पाऊणपट, वरचा एक-तृतीयांशाने जास्त, आणि सगळी यंत्रं त्या मुठीएवढ्या डब्यात. कवचावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. आमच्याचा 56 आणि 9. वडील म्हणायचे, या हबची पत्रिका मांडता येईल. मी ती सायकल ओव्हरऑइलला काढली तेव्हा कळलं, स्पोक जिथे अडकतात ती कड तडकलीय. आमचे मिस्त्री साखर पेठेतले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि सायकलशी कन्नड बोलतात. त्यांनी हब कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, आतलं काम अजून पन्नास वर्षं चालेल. बॉडी बघा कुठं मिळते का."

मी नवी पेठ पालथी घातली नाही. इथेच चुकलो. पुतण्या इंग्लंडमध्ये असतो, त्याच्या पत्त्यावर एका लिलावाच्या साइटवर शोधायला लागलो. साइटचं नाव विचारू नका; चूक तिची नव्हती. एक हब सापडलं. चौकटीच्या टेबलक्लॉथवर ठेवलेलं, आरशासारखं चकाकतंय. चार फोटो. त्यांतल्या तीन फोटोंत विकणाऱ्याचा अंगठा. त्या अंगठ्यावर मी आजही प्रबंध लिहू शकतो. खाली लिहिलेलं, 'उत्तम स्थितीत, तपासलेलं नाही.' आता न तपासता उत्तम कसं कळलं? मला वाटतं, या लोकांच्या कोशात 'तपासलेलं नाही' म्हणजे 'तपासलं आणि गप्प बसलो'. हसू नका, तुमच्यातल्या तिघांनी अशा वाक्यांवर पैसे घालवलेत, मला नावं माहीत आहेत.

लिलाव संपायची वेळ तिथले रात्रीचे आठ, म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा. मी ठरवलं होतं, 20 पौंड, वर एक पेनी नाही. पाच मिनिटं उरली असताना बोली 18 वर. दोन मिनिटं उरली, कुणीतरी 21 केली. कोण हा? माझ्या वडिलांच्या सायकलचं हब हा कोण घेणार? 25. तो 27. मी 32. तो 40! आमची सौ. उठून आली, "एवढ्या रात्री कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, "माहीत नाही." हे खरंच होतं. तो दुसरा गिऱ्हाईक होता, की विकणाऱ्याचा मेहुणा बोली चढवत होता, मला आजतागायत कळलेलं नाही. यार्डात निदान समोरच्याचं तोंड दिसतं. 47 पौंडांना मी जिंकलो. नंतर अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, जिंकलो म्हणजे काय? अख्ख्या जगात या हबला 47 पौंड द्यायला तयार असलेला मी एकटाच निघालो.

त्यावर टपालखर्च, त्यावर कस्टम. पार्सल आलं, मी ते मिठाईसारखं घेऊन साखर पेठेत गेलो. मिस्त्रींनी पुडकं उघडलं, चकाकी बघितली, आणि एकच प्रश्न विचारला, "भोकं किती?"

मोजली. 36.

ज्यांना उमगलं नाही त्यांच्यासाठी: आपल्या जुन्या इंग्लिश घाटाच्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात. रिम 40 भोकांची, हब 36 भोकांचं. जमणारच नाही. चार स्पोक मोकळे ठेवून बसवावं, असं सुचवणारा इथे कुणी असेल तर त्याने कार्यक्रम संपल्यावर मला भेटू नये. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, फोटोत भोकं होती, मोजायची तुम्ही. आणि तो बरोबर होता हो! अंगठ्याखालची सोडली तरी अंदाज आला असता. बैलाचे दात मीच मोजले नव्हते. परत पाठवायचा खर्च विचारला आणि फोन ठेवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत म्हणे. मूळ विषय आता सुरू करतो.

पहिलं, माप. '26 इंची टायर' ही वस्तू अस्तित्वात नाही. 26 × 1⅜ ची रिम 590 मिलिमीटरची, 26 × 1½ ची 584, पोरांच्या जाड टायरवाल्या सायकलची 559. तिघांवरही 26 लिहितात. आपली दूधवाल्याची 28 × 1½ म्हणजे 635, पण परदेशात 28 म्हणून 622 सुद्धा विकतात. टायरच्या कडेला 37-590 असा जोडआकडा असतो, पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा; तो मागा. देत नसेल तर बोली नाही. बीबी, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो ती जागा; तिच्या कपांचंही तसंच: इंग्लिश घाटात उजव्या कपाला उलटे आटे, इटालियनमध्ये दोन्ही सरळ आणि व्यास 36 मिलिमीटर. बळजबरी केलीत तर फ्रेमचेच आटे जातात, मग कप स्वस्त पडून काय उपयोग?

दुसरं, जीव. लोखंड वाकतं, कुरकुरतं, सांगून जातं. ॲल्युमिनियमचं हँडल आणि त्याला धरणारं स्टेम वर्षानुवर्षं वाकत-सुटत थकतं आणि एके दिवशी न सांगता तुटतं. कार्बन फायबरच्या पार्टातली चीर तर रंगाखाली लपते. ब्रँडचा शिक्का मारलेली नक्कलही असते, आणि ती फोटोत असलीपेक्षा देखणी दिसते. म्हणून हँडल, स्टेम, सीटपोस्ट आणि पुढचं चाक धरणारा फोर्क, म्हणजे तुटले तर दात पाडतील असे चार पार्ट, जुने आणि न बघता घेऊ नका. चेन घेणार असाल तर पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. 24 कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर 12 इंचांत बसल्या पाहिजेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; अर्धा सूत वाढली तर चेन गेली. एक सूत वाढली तर तिने फ्रीव्हीलचे दातही नेलेले असतात.

तिसरं, पैसे. 'साइटवर नको, थेट पाठवा, स्वस्तात देतो' म्हणाला की संपलं. साइटचं जे काही संरक्षण असतं ते तिथेच सुटतं. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. फसलात तर लाजत घरी बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दुकानदाराबद्दल तक्रार असेल तर 1915, ग्राहक हेल्पलाइन. आणि फ्रेमचा नंबर खरवडलेला दिसला तर किंमत विचारूच नका, ती सायकल कुणाच्या तरी दारातून गेलेली असते.

घंटा वाजली. मागून कुणीतरी विचारतंय, त्या हबचं काय झालं? मिस्त्रींना मंगळवार पेठेतल्या एका भंगाराच्या दुकानात 40 भोकांची बॉडी मिळाली, साडेतीनशे रुपयांना, कावळ्यासारखी काळी. सायकल खाली उभी आहे, फिरवून बघा. आणि ते 36 वालं मी विकायला काढलंय. टेबलावर ठेवतो, हातात घ्या. जाहिरात मीच लिहिलीय, पहिल्या ओळीत फक्त 'भोकं 36' एवढंच आहे. अजून कुणाचा फोन आलेला नाही.