अर्धा राहिलेला कोर्स

(दृश्य : रणगाडा प्रशिक्षणाचं मैदान. माळरान, धुरळा, दूरवर एक सेंच्युरियन रणगाडा.)

डिसेंबर १९७१. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. इथल्या आर्मर्ड कोअरच्या शाळेत यंग ऑफिसर्स कोर्स सुरू आहे. लष्करात त्याला नुसतं ‘वायओ कोर्स’ म्हणतात. खांद्यावर पहिला तारा लागून काही महिनेच झालेली पोरं इथं येतात आणि रणगाडा शिकतात. तो चालवायचा कसा, तोफेचा नेम धरायचा कसा, वायरलेसवर मोजक्या शब्दांत बोलायचं कसं. चुकलं की उस्ताद ओरडतात आणि पुन्हा करायला लावतात. चुकायची मुभा असलेली ही शेवटची जागा.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले केले. युद्ध सुरू झालं आणि कोर्स अर्ध्यावर थांबला. पोरं आपापल्या रेजिमेंटकडे निघाली.

त्यांतला एक सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. वय २१. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील लष्करात इंजिनिअर कोअरमध्ये. १९६७ मध्ये अरुण खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाला, मग डेहराडूनची लष्करी अकादमी, आणि १३ जून १९७१ ला १७ पूना हॉर्समध्ये अधिकारी म्हणून रुजू. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्या नोकरीला सहा महिनेही पुरे झाले नव्हते.

(दृश्य : पूना हॉर्सचं चिन्ह. जुनी छायाचित्रं.)

पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिली, घोडदळ म्हणून. घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात तिचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पुण्याच्या शाळेत शिकलेले. १६ सप्टेंबर १९६५ ला सियालकोटच्या आघाडीवर ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. रेजिमेंटमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराच्या कानावर ही गोष्ट पडत असणार, आणि सहा वर्षांनी रेजिमेंट पुन्हा त्याच आघाडीवर निघाली होती.

वाटेत अरुण दिल्लीला घरी थांबला. घरचे सांगतात, सामानात त्यानं गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीला घालायचा निळा गणवेश भरला होता. लाहोरला गोल्फ खेळायचं, आणि जिंकल्यावर जेवण असेल तेव्हा हा गणवेश लागेल, असं त्याचं म्हणणं. या आठवणीवर मी बराच वेळ थांबतो. पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसलेलं एकवीस वर्षांचं पोर यात दिसतं. भीती असेलही, पण ती त्यानं ट्रंकेत भरली नव्हती.

(दृश्य : नकाशा. शकरगढ, बसंतर नदी, जरपाल.)

पाकिस्तानातला शकरगढचा भाग नकाशावर भारताच्या बाजूला फुगवट्यासारखा पुढं आलेला आहे. इथून पाकिस्तानी रणगाडे घुसले, तर जम्मूला जाणारा रस्ता तुटू शकतो. तो धोका राहू नये म्हणून भारतीय फौजा स्वतःच आत शिरल्या. वाटेत बसंतर नदी. तिच्या अलीकडे-पलीकडे शत्रूनं सुरुंग पेरून ठेवलेले.

सुरुंगक्षेत्र ओलांडायचं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी लढाई त्यावर टांगलेली आहे. पायदळ रात्री पुढं जातं आणि नदीपलीकडे जागा धरतं. पण पायदळाकडे रणगाड्यांना तोंड देण्याइतकी ताकद नसते. उजाडायच्या आत आपले रणगाडे मागोमाग पोचले नाहीत, तर पलीकडची माणसं चिरडली जाणार. रणगाडे पोचायचे तर सुरुंग काढून वाट मोकळी करायला हवी. हे काम इंजिनिअरांचं. अंधारात, तोफगोळ्यांखाली, वीत वीत जमीन तपासत.

१५ डिसेंबरच्या रात्री ९ वाजेपर्यंत ४७ इन्फंट्री ब्रिगेडनं नदीपलीकडे पाय रोवले. वाट मात्र अर्धीच मोकळी झाली होती. आणि पलीकडून निरोप येऊ लागले, शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल ऐकू येतेय. पूना हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग. रेजिमेंटनं थांबायचं नाही असं ठरवलं. उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढं गेले आणि पायदळाला जाऊन मिळाले. बसंतरची गोष्ट सांगताना या रात्रीला दोन ओळींत उरकलं जातं. मला तो अन्याय वाटतो. दुसऱ्या दिवशीचा पराक्रम घडायला आधी ही रात्र घडावी लागली.

(दृश्य : सकाळ. धूर.)

१६ डिसेंबर, सकाळी ८. धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपाल गावाच्या दिशेनं आले. आपली ‘बी’ स्क्वॉड्रन, म्हणजे रेजिमेंटचा एक भाग, संख्येनं कमी होती. तिनं वायरलेसवर मदत मागितली. ‘ए’ स्क्वॉड्रनमधला अरुण जवळच होता. तो आपली तुकडी घेऊन निघाला.

वाटेतल्या शत्रूच्या ठाण्यांवरून गोळीबार सुरू झाला. अरुणनं रणगाडे थेट त्यांच्यावर घातले, ठाणी मोडली, काही शत्रुसैनिकांना पिस्तूल रोखून ताब्यात घेतलं. या धावपळीत त्याच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. तरी अरुण पुढं गेला, आणि मग समोर आले पॅटन.

सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. अरुणच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. ड्रायव्हर प्रयाग सिंग, गनर नत्थू सिंग, लोडर आणि वायरलेस सांभाळणारे नंद सिंग, आणि वर कमांडर अरुण. गनरला दुर्बिणीतून एक अरुंद चौकट तेवढी दिसते. ड्रायव्हरला समोरचा तुकडा. आजूबाजूचं रणांगण पाहायचं काम कमांडरचं. कुठला रणगाडा आधी धोक्याचा ठरेल, कुठला नंतर, कोणता गोळा भरायचा, किती अंतर, कधी हलायचं, हे सगळं त्यानं ठरवायचं आणि बाकी तिघांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. नगरच्या शाळेत नेमकं हेच शिकवतात. अरुणचं शिकणं पुरं झालं नव्हतं आणि तिघांचा जीव त्याच्या अंदाजावर होता.

पहिल्या माऱ्यात शत्रू मागं हटला, मग पुन्हा आला. वाट अडवून उभे राहिले तीन रणगाडे : कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अवतार अहलावत आणि अरुण. अहलावत जखमी झाले. मल्होत्रांच्या तोफेनं साथ सोडली. अरुणच्या रणगाड्यालाही गोळा लागला होता, आग धरली होती. वायरलेसवर आदेश आला : रणगाडा सोड.

अरुणचं उत्तर रेजिमेंटनं जपून ठेवलंय. नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही. माझी मुख्य तोफ अजून चालतेय.

या उत्तराकडे आपण त्वेष म्हणून पाहतो. मला त्यात हिशेब दिसतो. एका शेजाऱ्याची तोफ बंद, दुसरा जायबंदी. चालू तोफ एकच. ती मागं घेतली तर मधे खिंडार, आणि खिंडारामागं रात्रभर सुरुंगांतून आलेले आपले लोक. तोफ चालतेय, हे त्यानं आदेश नाकारण्याचं कारण म्हणून सांगितलं. शाळेतल्या उस्तादांनी ऐकलं असतं, तर त्यांना ते पटलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

अरुणच्या परमवीर चक्राचं मानपत्र सांगतं की या चकमकीत शत्रूच्या १० रणगाड्यांना मार बसला, त्यांतले ४ एकट्या अरुणनं उडवले. शेवटचा जेमतेम १०० मीटरवर होता. त्यानंतर फामागुस्ताला आणखी एक गोळा लागला. अरुण गेला. नंद सिंगही गेले. प्रयाग सिंग आणि नत्थू सिंग वाचले, शत्रूच्या हाती लागले. खिंडार मात्र पडलं नाही.

त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. जरपालला ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग जखमी अवस्थेतही खंदकाखंदकांत फिरून जवानांना धीर देत लढत राहिले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, आणि ते हयात राहिले.

(दृश्य : खडकवासला. खेत्रपाल परेड ग्राउंडवरचं संचलन.)

एनडीएच्या संचलनाच्या मैदानाला आज अरुणचं नाव आहे. फामागुस्ता नगरच्या त्याच शाळेत जपून ठेवलाय.

(दृश्य : लाहोर. २००१.)

तीस वर्षांनी, वयाच्या ८१ व्या वर्षी, अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपलं मूळ गाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सगळी बडदास्त ठेवली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. मुक्काम संपत आला तेव्हा नासेर यांनी त्यांना सांगितलं की १६ डिसेंबरला समोरच्या रणगाड्यात ते स्वतः होते, आणि अरुण त्यांच्या गोळ्यानं गेला. तेव्हा ते १३ लान्सर्समध्ये मेजर होते.

ब्रिगेडियर खेत्रपाल भारतात परतल्यावर नासेर यांनी दोघांचं एकत्र छायाचित्र पाठवलं. त्यावर त्यांनी लिहिलं होतं की १३ लान्सर्सच्या प्रतिहल्ल्याचं यश आणि अपयश यांच्यामध्ये अरुण अभेद्य खडकासारखा उभा राहिला. खाली लढाईची दोन नावं : त्यांच्या लेखी बडा पिंड, पूना हॉर्सच्या लेखी बसंतर.