वळणावरची जागा

मित्रहो, ऐन नवतप्यात, बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला आणि सभागृहातल्या कूलरवर मात करण्यासाठी मला आवाज चढवावा लागत असताना बर्फावरच्या शर्यतींविषयी बोलणे जरा विनोदीच आहे, हे मी जाणतो. तरीही हा विषय निवडला, कारण आपल्या शहरात पायांना चाके बांधून वळणे गिरवणाऱ्या मुलांचे अनेक पालक आज इथे आले आहेत आणि शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, म्हणजे पात्यांचे बूट घालून बर्फावर छोट्या फेऱ्या मारण्याची शर्यत, त्यांच्यापर्यंत पोचते ते बहुधा मोबाइलवरच्या चित्रफितींतून, ज्यांत खेळाडू एकमेकांवर आदळून घसरत जातात आणि मागून आलेला भलताच कोणीतरी जिंकतो. त्यावरून हा नशिबाचा खेळ आहे, असे मत तयार होते. ते मला मान्य नाही.

आधी मैदान समजून घेऊ. ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद बर्फावर एका फेरीचे अंतर भरते १११.१२ मीटर. म्हणजे ५०० मीटरची शर्यत साडेचार फेऱ्यांत संपते, १००० मीटरला नऊ आणि १५०० मीटरला साडेतेरा फेऱ्या लागतात. लाँग ट्रॅक या थोरल्या प्रकारात ४०० मीटरच्या धावपट्टीवर दोघे जण आपापल्या मार्गिकेतून घड्याळाशी झुंजतात. इथे मार्गिका नाहीत, सगळे एकत्र सुटतात आणि वेळेपेक्षा क्रमांकाला महत्त्व असते. प्रत्येक वळणावर सात ठोकळे मांडलेले असतात, त्यांच्या आतून जाता येत नाही. सगळा खेळ या ठोकळ्यांपाशी घडतो.

चीनच्या वू दाजिंगने २०१८ मध्ये ५०० मीटर अंतर ३९.५०५ सेकंदांत कापले. हिशेब केला तर ताशी सुमारे ४५ किलोमीटरची सरासरी येते. वळणाची त्रिज्या मात्र अवघी आठ मीटर! आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीच्या वळणावर दुचाकी किती कलते, हे आपण अनुभवतो. हा खेळाडू त्याहून कितीतरी अधिक, जवळजवळ आडवा होतो आणि डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकवून तोल राखतो. म्हणूनच हातमोज्याच्या बोटांना कडक टोपणे असतात आणि पाते बुटाच्या मध्यावर न बसवता डावीकडे सरकवून, वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेले असते. अशा स्थितीत पुढच्याला ओलांडायचे, तर जागा फार थोडी असते. आतून घुसावे तर वळण अरुंद होऊन वेग तुटतो आणि बाहेरून जावे तर अंतर वाढते. नियमही इथे स्पष्ट आहे: पुढचा खेळाडू गैरवर्तन करत नसेल, तर टक्कर टाळण्याची जबाबदारी ओलांडणाऱ्याची. जो इतरांना अडवतो तो बाद होतो आणि ज्याला अडवले गेले, त्याला पंच स्पर्धेच्या पुढच्या फेरीत पाठवू शकतात.

आता २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिककडे वळू. १००० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर चौघे पडले आणि बराच मागे असलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सुवर्णपदक घेऊन गेला. हिवाळी ऑलिम्पिकमधले दक्षिण गोलार्धाचे हे पहिले सुवर्ण. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीतून तो पुढे गेला, तो दुसरा खेळाडू बाद ठरल्यामुळे. उपांत्य फेरीतही पुढचे पडले होते. ऑस्ट्रेलियात त्याचे नाव अनपेक्षित यशाचा वाक्प्रचार होऊन बसले आहे. पण हा माणूस १९९४ च्या ऑलिम्पिकमध्ये रिलेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होता, त्याच वर्षी एका शर्यतीत दुसऱ्याच्या पात्याने त्याची मांडी चिरली जाऊन त्याला शंभराहून अधिक टाके पडले आणि २००० मध्ये सरावात त्याची मान मोडली. एका संध्याकाळी एकामागून एक शर्यती धावण्याचे बळ आपल्यात उरलेले नाही, हे ओळखून त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकांनी गर्दीपासून अंतर राखायचे आधीच ठरवले होते. याला नशीब म्हणायचे असेल, तर त्याची वाट पाहण्याची जागा तरी त्याने स्वतः निवडली होती, एवढे मान्य करावे लागेल.

पंचांच्या निर्णयांवरून वादही पुष्कळ होतात. त्याच स्पर्धेत १५०० मीटरमध्ये सर्वांच्या आधी पोचलेल्या दक्षिण कोरियाच्या किम दोंग-सुंगला बाद करून अमेरिकेच्या अपोलो ओनोला सुवर्ण दिले गेले. कोरियन प्रेक्षकांचा तो राग बरीच वर्षे निवला नाही.

रिले हा माझा आवडता भाग. चौघांच्या संघात बदल करण्यासाठी नुसता स्पर्श पुरतो, पण प्रत्यक्षात दमलेला खेळाडू वाकून पुढे आलेल्या साथीदाराला मागून दोन्ही हातांनी जोरात ढकलतो आणि आपला उरलेला वेग त्याच्या हवाली करतो. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकालाच पूर्ण कराव्या लागतात. तो पडला तरच बदलाची मुभा असते.

आपल्याकडे देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले बर्फाचे रिंक आहे. अनेक वर्षे बंद राहून ते पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची आशियाई खुली स्पर्धा झाली. आपली चाकांवरची मुले तिकडे वळली, तर त्यांना एक सवय मोडावी लागेल. चाकांच्या शर्यतीची चांगली धावपट्टी वळणावर उंचावलेली असते, ती शरीराला आधार देते. बर्फ सपाट असतो, तिथे सारा कल घोट्यातून आणि पात्याच्या धारेतून आणावा लागतो.

आता पडद्यावर ब्रॅडबरीची ती शर्यत दाखवतो. पहिल्या वेळी पाहताना पडणाऱ्या चौघांकडे लक्ष देऊ नका. त्यांच्या आणि त्याच्या मधल्या मोकळ्या बर्फाकडे पाहा.