विलापाच्या वाटेने जागतिक साहित्य

नमस्कार श्रोतेहो.

जागतिक साहित्याचा अभ्यास म्हटलं की बहुतेकांना परीक्षेच्या नोट्स आठवतात. ग्रीक काळ, रोमन काळ, मध्ययुग, प्रबोधन, मग आधुनिक. सनावळ्या पाठ होतात, ग्रंथांची नावं पाठ होतात आणि ग्रंथ वाचायचे राहूनच जातात. मला आज वेगळी वाट सुचवायची आहे. माणसाच्या आयुष्यातला एकच प्रसंग घ्या आणि वेगवेगळ्या काळांत तो कुणी कसा लिहिला, हे बघत चला. आज आपण घेऊ जवळचं माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांचा प्रसंग.

सुरुवात इराकमधून करू. आजच्या मोसुल शहराला लागून निनवे ही अ‍ॅसिरियन राजधानी होती. तिथे असुरबनिपाल राजाने इ.स.पू. सातव्या शतकात मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या ग्रंथांचा मोठा संग्रह जमवला होता. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं आणि पाट्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या उत्खननात त्या निघाल्या आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. तिथे जॉर्ज स्मिथ त्या वाचत बसे. नोटांचे ठसे कोरायचं काम शिकलेला हा माणूस, कुठल्या विद्यापीठात न जाता या पाट्यांवरची खिळ्यांसारख्या खुणांची कीलाकार लिपी शिकला होता. त्याला एका पाटीवर महापुराची कथा सापडली. १८७२च्या डिसेंबरात त्याने ती विद्वानांच्या सभेत वाचून दाखवली. बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीशी तिचं साम्य पाहून मोठी खळबळ उडाली.

ही पुराची कथा ‘गिल्गमेश’ या प्राचीन काव्याचा एक भाग होती. पण मला हे काव्य पुरासाठी मोठं वाटत नाही. उरुकचा राजा गिल्गमेश आणि त्याचा मित्र एंकिडू. एंकिडू आजारी पडून मरतो. सहा दिवस आणि सात रात्री गिल्गमेश प्रेत पुरू देत नाही, आपल्या रडण्याने मित्र उठेल या आशेवर. शेवटी प्रेताच्या नाकातून एक अळी खाली पडते. तेव्हा कुठे त्याला कळतं की हा गेला, आणि मलाही असंच जायचंय. तिथून तो रानोमाळ पळत सुटतो. ती एक अळी पानभर शोकवर्णनाचं काम करते.

आता होमरच्या ‘इलियड’चा शेवटचा, चोविसावा सर्ग घ्या. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक योद्धा अकिलीसने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला मारलंय आणि त्याचं प्रेत रथामागे बांधून फरफटवलंय. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत शिरतो. अकिलीसचे गुडघे धरतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. मग दोघेही रडतात. प्रायम मुलासाठी, तर अकिलीस कधी स्वतःच्या बापासाठी, कधी हेक्टरच्या हातून मेलेल्या मित्र पॅट्रोक्लससाठी. पुढे अकिलीस प्रेत देतो आणि अंत्यविधीला किती दिवस लागतील ते विचारतो. प्रायम हिशोब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अंत्यसंस्कार, अकराव्या दिवशी समाधी, बाराव्या दिवशी लागलंच तर पुन्हा लढू. युद्धावरचं एवढं मोठं काव्य, ते विजयावर संपत नाही. शत्रूच्या अंत्यविधीवर संपतं.

याच्या शेजारी आपलं महाभारतातलं स्त्रीपर्व ठेवून वाचा. रणांगणावर बायका आपापली माणसं शोधताहेत, आणि गांधारी एकेकाचं प्रेत कृष्णाला दाखवते आहे. प्रायम विनवणी करतो, गांधारी जाब विचारते, थेट कृष्णाला शाप देते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ज्याला ग्रंथ कसा अभ्यासावा हे शिकायचंय, त्याने तिच्या एखाद्या पानाखालच्या पाठभेदांच्या तळटीपा निदान एकदा निरखाव्यात.

नामदेवांचे समाधीचे अभंगही याच रांगेतले. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेव स्वतःहून समाधीत बसतात, निवृत्तिनाथ शिळा लावतात आणि मागे उरलेली मंडळी आक्रोश करतात. इथे मारणारा कुणी नाही, त्यामुळे जाब विचारायलाही कुणी नाही. मित्रासाठी रडणारा गिल्गमेश नुकताच वाचला असेल, तर नामदेव फार वेगळे ऐकू येतात.

आणि मग थेट विसाव्या शतकात या. रशियन कवयित्री अ‍ॅना आख्मातोवा. स्टालिनच्या दहशतीच्या काळात तिच्या मुलाला अटक झाली, आणि लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांत तिने सतरा महिने काढले. थंडीने ओठ निळे पडलेल्या एका बाईने तिच्या कानाशी हळूच विचारलं, “हे तुम्ही लिहू शकाल?” आख्मातोवा म्हणाली, “हो.” त्यातून ‘रेक्विएम’ हे काव्य झालं. ते घरात ठेवणंही धोक्याचं होतं. आख्मातोवा ओळी कागदाच्या कपट्यावर लिहायची, मैत्रीण त्या मनात पाठ करायची आणि मग कपटा रक्षापात्रात जाळला जायचा. १९६३ साली ते म्युनिकमध्ये छापलं गेलं, सोव्हिएत देशात १९८७ साली. तोवर ती जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

आता हे सगळं एकापुढे एक ठेवा. गिल्गमेशच्या हातून प्रेत सुटत नव्हतं. प्रायमला ते मागून आणावं लागलं, पण मिळालं. आख्मातोवाच्या रांगेतल्या बायकांना आपलं माणूस आहे की नाही, एवढंच कळलं तरी पुष्कळ होतं. राज्यसत्ता माणसाच्या घरात किती आत शिरली, हे मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा इथे नीट समजलं.

तेव्हा श्रोतेहो, ‘इलियड’ पहिल्या सर्गापासूनच सुरू करायला हवं असं काही नाही. चोविसावा सर्ग आधी वाचा, जमल्यास दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून, आणि मोठ्याने. प्रायम अकिलीसच्या तंबूत शिरतो तो भाग दोन्हींत शेजारी शेजारी ठेवा. त्यानंतर स्त्रीपर्व घ्या, ते लहानच आहे. मागचे तेवीस सर्ग वाचल्याशिवाय मग तुम्हालाच राहवणार नाही.

नमस्कार.