दिवसाचा डोळा, रात्रीचा भुंगा

भीमाशंकर. अमावास्येची रात्र. वाळक्या फांदीवरचं हे गोल भोक बघा, बोट जाईल एवढं. तोंडाशी ताजा भुसा. आणि ही आली बाहेर, भुंग्याची मादी. शास्त्रीय नाव झायलोकोपा ट्रँकेबारिका. आपल्याला हे दिसतंय ते कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यामुळे, त्याचा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी फक्त चांदण्या आहेत, आणि तेवढ्यावर ती झाडांतून वाट काढत फुलांकडे निघालीसुद्धा.

आता तिचा डोळा, सूक्ष्मदर्शकाखाली. मधमाशीसारखाच, हजारो भिंगांचा. प्रत्येक भिंग आपल्यापुरताच उजेड घेतं. रात्रीच्या पतंगांच्या डोळ्यात शेकडो भिंगं मिळून एका जागी उजेड टाकतात. इथे ती सोय नाही. डोळ्याची घडण दिवसाचीच. पण भिंगं मोठी झाली, खालचे प्रकाश टिपणारे दांडे रुंद झाले. डोक्यावरचे हे तीन मणी म्हणजे साधे डोळे, तेही चांगले टपोरे. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जंगलात घरट्यांजवळ रंगीत खुणा लावून पाहिल्या. चांदण्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात, हे 2008 साली जगाला कळलं, ते भीमाशंकरमधून.

इन्फ्रारेड बंद केला, कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. फांदी उजळली, पण उडणारी मादी नुसती रेघ झाली. निशाचर कीटकांपुढेही हाच पेच असतो. उजेड साठवायला डोळा संथ करावा, तर हलणारं फिसकटतं. मग किती संथ व्हायचं? अमेरिकेत 2015 साली, फुलासमोर उडत मध पिणाऱ्या हॉकमॉथ पतंगापुढे यंत्रानं डोलणारं नकली फूल धरलं. अंधार वाढवला तशी पतंगाची नजर संथ झाली, जोरात हलणारं फूल त्याला गाठता येईना. पण खरी फुलं वाऱ्यावर डोलतात ती बहुतेक सेकंदाला 2 झोक्यांच्या आत. तेवढं त्याला बरोबर साधतं. फुलाच्या डोलण्याला जुळेल एवढीच नजर संथ! एवढ्याशा मेंदूचा हा हिशेब पाहून आम्ही थक्क झालो.

भीमाशंकरला लोक शेकरू बघायला येतात, अंधार पडायच्या आत परततात. वाळकी फांदी सरपणाला जाते, तिच्याबरोबर घरटंही. दिवे जंगलाच्या कडेपर्यंत आलेत.

पहाट व्हायची आहे. ती परत आलीय. भोकासमोर थबकली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

आत गेली.